माझ्या नावाचं गंगाळ

माझ्या मुलीच्या कपाळावर, डाव्या भुवईच्या जरा वर, एक आडवा वण आहे. विचार करताना तिचं बोट आपोआप तिथं जातं. तो वण माझ्या हातून पडलेला आहे. हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचताना कुणाला माझी फारच कीव यायला लागली, तर त्यानं हे वाक्य परत वाचावं.

मी काही लेखिकाबिखिका नाही. इतवारीत आमचं पितळी भांड्यांचं दुकान आहे, खाली दुकान आणि वर घर. मागच्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतली एक सून माझ्याकडं येऊन बसली. वीस-बावीस वर्षांची असेल. अर्धा तास पदराचं टोक पिळत बसली. जाताना दारात थांबून म्हणाली, "काकू, तुमचं ते कसं बरं झालं वं?" मला तोंडानं सांगता आलं नाही. म्हणून लिहून राहिले. बरं झालं म्हणतात ते कितपत खरं, ते तिनंच ठरवावं.

तापट डोक्याची

मी कुहीची. घरी धानाची शेती, माणसांचा राबता. सहा भावंडांत मी थोरली, म्हणून घरात सगळे मला अक्का म्हणायचे. भावंडं म्हणायची, चुलत भावंडं म्हणायची, गडीमाणसंसुद्धा म्हणायची. आमच्या आईला सगळे माय म्हणायचे. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पोरीचं डोकं लहानपणापासून तापट, असं माय सांगायची. पण तापट हा शब्द पुरत नाही. दुसऱ्यांना राग यायचा आणि जायचा. मला जे यायचं ते नुसतं चढत जायचं. कुणी बोलता बोलता पाठ फिरवली, तरी छातीत असं व्हायचं की हे माणूस आता कायमचं गेलं. मग रडणं, मग ओरडणं, मग हाताला लागेल ते फेकणं, आणि कधी कधी स्वतःलाच इजा करून घेणं. कशी ते लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांनी शिकू नये. दोन तासांनी सगळं ओसरलं की अशी लाज वाटायची, अशी लाज वाटायची, की बापा, विचारू नका.

लग्न होऊन इतवारीत आले. आमचे हे म्हणजे अगदी शांत माणूस. मी ओरडले की हे चपला घालून खाली दुकानात जाऊन बसायचे. त्यांना वाटायचं, आपण नसलो की हिचं शमेल. ते जिना उतरले की माझं दुप्पट व्हायचं. बेबी झाली तेव्हा सगळे म्हणाले, आता हिचं डोकं थंड होईल. नाही झालं. बेबीवर जीव मात्र एवढा, की तिला नुसता ताप आला तरी मला घास गिळायचा नाही. हे दोन्ही एकाच बाईत होतं. माझा मलाच ताळमेळ लागत नव्हता.

पाटावर

आता जे सांगते ते सांगायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

नवरात्र होतं. आरतीला गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आरतीचं ताट माझ्या हातात न देता शेजारणीच्या हातात दिलं. झालं, एवढंच. मी किंचाळले, केस सुटले, अंग थरथर कापायला लागलं, आणि मी देवघरासमोरच खाली बसले. मला वाटलं, आता शिव्या बसतील. पण आत्याबाईंनी हात जोडले. देवभोळी, मनानं स्वच्छ बाई ती. म्हणाल्या, "मायबाई! काय चुकलं वं आमचं?" आणि मूठभर कुंकू माझ्या कपाळी भरलं. मग एकेक बाई येऊन माझ्या पाया पडायला लागली.

"मायबाई, काय पाहिजे तुले?" एकीनं विचारलं.

मी मनात होतं ते बोलले. "मले कुहीले जायचं आहे."

मला दोन दिवस माहेरी जायचं होतं हो! त्यांनी अर्थ लावला की देवीला कुहीच्या देवळातली ओटी हवी. दुसऱ्या दिवशी आत्याबाई स्वतः बसनं कुहीला गेल्या, खणनारळ ठेवून आल्या. मी इथंच भांडी घासत राहिले. आज हसू येतं.

तेव्हापासून दर शुक्रवारी दोन-चार बाया यायच्या. मला पाटावर बसवायच्या, आपल्या घरची दुखणी सांगायच्या. मी खोटं बोलत होते का? थरथरणं खरं होतं, रडू खरं होतं. फक्त ती देवी नाही हे मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले. त्या पाटावर मला जेवढा मान मिळाला, तेवढा शालू या माझ्या नावानं कुठंच मिळाला नव्हता. मान मिळायला लागला तशी माझी वादळंही वाढली. हे मी पुढं मनाच्या डॉक्टरबाईंना सांगितलं तेव्हा मान वर करू शकले नव्हते.

लोटा

बेबीला चौथं सरत होतं. बाहत्तर सालचा उन्हाळा. कुहीला माझ्या भावाच्या मुलाचं बारसं होतं. हे सकाळी जरीपटक्याला एका व्यापाऱ्याकडं गेले, जाताना म्हणाले, बाराला येतो, जेवून दोनच्या बसनं निघू. मी पिशवी भरून ठेवली. बेबीला नवा फ्रॉक घातला. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. बेबी वाट पाहून आतल्या खोलीत झोपली. साडेतीनला हे आले, टोपी काढली आणि म्हणाले, "अरे, बारसं तं राहूनच गेलं."

बस, एवढंच. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

न्हाणीच्या कट्ट्यावर लोटा होता. आमच्याच दुकानातला, वजनदार. मी ओरडत सुटले आणि तो भिंतीवर फेकला. त्यांना मारायचा नव्हता, कुणालाच मारायचा नव्हता. पण भिंतीला लागून दार होतं, आणि आमचे आवाज ऐकून बेबी उठून त्याच दारात आली होती.

ती रडली नाही. आधी नुसती खाली बसली. मग नव्या फ्रॉकवर रक्त दिसायला लागलं.

आत्याबाई देवघरातून धावत आल्या. त्यांच्या हातात कुंकवाचा करंडा होता. त्यांनी माझे सुटलेले केस पाहिले, माझं कापणारं अंग पाहिलं, आणि त्या आधी माझ्याकडं आल्या. माझ्याकडं! पोर उंबऱ्यात रक्तानं भरून बसली होती, आणि आत्याबाई माझ्या पायाशी वाकून, "शांत हो मायबाई, शांत हो," म्हणत माझ्या कपाळी कुंकू लावत होत्या.

त्यांची काही चूक नव्हती. हे मीच त्यांना शिकवलं होतं.

"मी देवी नाही, आत्याबाई!" मी ओरडले. "पोरीले पाहा! मी कधीच देवी नव्हती! माह्या पोरीले पाहा ना!"

त्यांच्या हातून करंडा पडला. तोवर ह्यांनी बेबीला उचललं होतं आणि ते जिना उतरत होते.

चिठ्ठी

पाच टाके पडले. टाके घालणाऱ्या तरुण डॉक्टरनं विचारलं, कसं लागलं. हे म्हणाले, "जिन्यावरून पडली."

मी मागे उभी होते. म्हणाले, "नाही. मी लोटा फेकला."

ह्यांनी वळून पाहिलं. मला वाटलं, आता हे मला इथंच सोडून जातील. डॉक्टरनं हात धुतले, एका चिठ्ठीवर काही लिहिलं आणि समोरच्या इमारतीकडं बोट दाखवलं. ह्यांचा चेहरा पांढरा पडला. "पागलखाना?" त्यांनी विचारलं.

"मनाचे आजार पाहतात तिथं," तो म्हणाला. "उद्या सकाळी या."

बेबी टेबलावर गुंगीत होती. तिनं हात पुढं केला आणि "आई" म्हणाली. ज्या हातानं लोटा फेकला, त्याच हातानं मी तिचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी त्या इमारतीच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. बाहेर सूर्य आग ओकून राहिला होता, पण आत सावलीतही ह्यांनी डोळ्यांपर्यंत दुपट्टा गुंडाळलेला. इतवारीतलं कुणी दिसलं तर ऊन लागलं म्हणून सांगता यावं. मी मनात म्हटलं, वा, आपलं तोंड झाकलं, माझं काय?

डॉक्टरबाई चाळिशीच्या, चष्मा, साधी सुती साडी. त्यांनी ह्यांना बाहेर पाठवलं आणि मला तासभर बोलू दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तासभर बोलले आणि समोरचं माणूस उठून गेलं नाही. शेवटी मी विचारलं, "मी पागल आहे का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या भावना इतरांपेक्षा लवकर चढतात, जास्त चढतात, आणि उतरायला वेळ घेतात. तुम्ही वाईट बाई नाही. आणि तुमच्या हातून पोरीला लागलं. दोन्ही खरं आहे. एक पुसायला दुसरं वापरायचं नाही."

"मग गोळी द्या."

"झोपेपुरती देईन. बाकी शिकावं लागेल."

मला असा संताप आला! शिकायला मी काय शाळेतली पोर आहे? त्या म्हणाल्या, "आता या घडीला राग आला ना माझा? कुठं आला, छातीत की गळ्यात?" मी चकित झाले. गळ्यात आला होता. तोवर मला वाटायचं, राग सगळीकडंच असतो.

त्याच संध्याकाळी माझा भाऊ कुहीहून आला. घरच्यांनी ठरवलं होतं, बेबी मायजवळ राहील. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारायचा हक्क आहे असंही मला वाटलं नाही. "बरी झाली की आणू, अक्का," भाऊ म्हणाला. बेबी त्याच्या खांद्यावर होती, कपाळाला पट्टी. मी गॅलरीतून पाहत राहिले. भांड्यांच्या हातगाड्यांमधून ती दोघं गेली आणि कोपऱ्यावरून वळली.

पिवळा दोरा

बेबी गेल्यावर तीन आठवडे मला वॉर्डात ठेवलं. पहाटे झाडू, मग चहा, मग गोळी, मग रांग, मग दुपार. दुपार फार लांब असायची. कुणी भिंतीशी बोलायचं, कुणी दिवसभर वेणी घालायचं आणि सोडायचं. सगळ्यात वाईट पहिला दिवस. काचेच्या वस्तू आत चालत नाहीत म्हणून नर्सनं माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढल्या. आत्याबाई सोबत आल्या होत्या. त्या दारातच मटकन खाली बसल्या. "सवाष्णीचे हात रिकामे नका करू वं, पाया पडतो तुमच्या," म्हणून रडायला लागल्या. पोरीला लागलं त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या, आणि आता माझ्या बांगड्यांसाठी रडत होत्या.

तिथं सिंधूबाई म्हणून आया होती. तिनं सगळं पाहिलं. आत्याबाई गेल्यावर तिनं हळदीत भिजवलेला दोरा आणला आणि माझ्या दोन्ही मनगटांना बांधला. "हे घे," म्हणाली. "हे फुटत बी नाही." ते नोकरीतल्या कुठल्या नियमात बसत होतं कोण जाणे. दोरा मी घरी येईपर्यंत काढला नाही.

बुधवार

त्यानंतर दर बुधवारी जायचं. आम्ही चार बाया आणि डॉक्टरबाई, सतरंजीवर बसायचो. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "असं शिकवायची पद्धत इथं रुळलेली नाही. मी वाचून, पाहून, थोडं माझ्या मनानं करते आहे. चुकले तर सांगा." डॉक्टर असं बोलते हे ऐकून आम्ही एकमेकींकडं पाहिलं.

फार मोठं काही नव्हतं. चढायला लागलं की आधी थांबायचं. हातातली वस्तू खाली ठेवायची. कोपरापर्यंत हात थंड पाण्यात घालायचे आणि शंभर आकडे मोजेपर्यंत काढायचे नाहीत. मग विचारायचं, हे काय आहे? राग आहे, की भीती आहे, की लाज? आणि मग जे हवं ते साध्या शब्दांत मागायचं. ओरडून नाही आणि मनात ठेवूनही नाही. एका वेळी एकच. सगळ्यात कठीण हेच. मला मागता येतच नव्हतं. समोरच्यानं ओळखावं, आणि नाही ओळखलं तर आकाश कोसळावं, एवढंच येत होतं.

आणखी एक काम दिलं होतं. रोज थोडा वेळ एकच आवाज ऐकायचा. तो चांगला की वाईट हे ठरवायचं नाही. आमच्या दुकानात भाऊराव म्हणून भांड्यांवर नावं टाकणारा बसायचा. गिऱ्हाइकानं भांडं घेतलं की छिन्नी आणि बारकी हातोडी घेऊन तो त्यावर नाव कोरून द्यायचा, टकटक टकटक, दिवसभर. त्या आवाजानं माझं डोकं उठायचं. आता मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून तेच ऐकायला लागले. एक ठोका, मग दुसरा, मग तिसरा. मध्येच बेबी आठवायची. की परत ठोक्यावर यायचं. दहा वेळा जायचं मन, दहा वेळा आणायचं.

पहिल्यांदा मी माठातच हात घातले. आत्याबाई ओरडल्या, "पिण्याच्या पाण्यात काय करून राहिली वं!" मी हात काढले आणि परत सगळं चढलं, व्हायचं तेच झालं. दोन दिवसांनी न्हाणीत पाहते तर एक नवं कोरं पितळी गंगाळ, रुंद तोंडाचं, माठातल्या गार पाण्यानं भरलेलं. काठावर भाऊरावाच्या हातची अक्षरं होती: चि. सौ. शालूस, आत्याकडून. आत्याबाई स्वयंपाकघरात पाठमोऱ्या पोळ्या लाटत होत्या. त्या जाईपर्यंत, म्हणजे पुढची नऊ वर्षं, रोज सकाळी ते गंगाळ त्यांनीच भरलं.

शुक्रवार

डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्या शुक्रवारच्या बायांचं काय?"

"आत्याबाई सांगतील त्यांना, की देवी येणं बंद झालं."

"तुम्ही सांगा. खरं ते सांगा."

मी तीन बुधवार टाळलं. मग एका शुक्रवारी बाया आल्या, आत्याबाईंनी सवयीनं पाट मांडला. मी पाटावर बसले नाही, खाली बसले. म्हणाले, "देवी नाही. कधी नव्हती. मी आजारी आहे, दवाखान्यात जाऊन राहिले. तुमची माफी मागते."

एकीनं आणलेला नारळ उचलून परत पिशवीत ठेवला. दुसरी जाताना जिन्यात म्हणाली, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "पागल आहे म्हणा ना मंग सरळ." त्या दिवसानंतर सहा-सात वर्षं गल्लीत माझं नाव तेच होतं. दुपारी पाटावरून उतरले, संध्याकाळपर्यंत पागल झाले. आत्याबाईंनी पाट उचलून फळीवर ठेवला. म्हणाल्या, "चल, चहा टाकतो." त्या दिवशी मला फार एकटं वाटलं.

कुहीची फेरी

चार महिन्यांनी मला वाटलं, मी तयार आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, थोडं थांबा. मी ऐकलं नाही. कुणाला न सांगता कुहीच्या बसमध्ये बसले. बेबीसाठी गोळ्या घेतल्या, रिबिनी घेतल्या.

ती अंगणात होती. मला पाहिलं आणि धावत जाऊन मायच्या लुगड्यामागं लपली. मी दोनदा हाक मारली, ती आली नाही. तिचं बोट कपाळाकडं गेलं. तिथं गंगाळ नव्हतं, मला काही आठवलं नाही, आणि आठवायला मी थांबलेही नाही. मी अंगणात बसून मोठमोठ्यानं रडले, मायला नाही नाही ते बोलले, माझी पोरगी तोडली म्हणाले. सारा गाव गोळा झाला. भावानं मला दंडाला धरून बसवर नेलं. "अक्का, तुले हात जोडतो," तो म्हणाला, "अशी येऊ नको."

ही फेरी मला एका वर्षाला पडली. मायनं ठाम सांगितलं, पोरगी रुळली आहे, आता नाही. मी बुधवारी जात राहिले. हात पाण्यात घालत राहिले. ह्यांना एकदा म्हणाले, "तुम्ही खाली जाता तेव्हा मले भीती वाटते. जाऊ नका, इथंच बसा." हे म्हणाले, "अवं, हे आधी काहून नाही सांगितलं?" आणि बसले.

वरण

सोळा महिन्यांनी बेबी आली. भाऊ घेऊन आला. उंच झाली होती, दोन वेण्या, वण पांढरा पडलेला. मी डॉक्टरबाईंशी दहा वेळा तालीम केली होती. धावायचं नाही, कवटाळायचं नाही. मी पानं वाढली. भाऊ, हे, बेबी जेवायला बसले.

बेबी ताटाकडं बघत म्हणाली, "अक्का, मले वरण दे."

भावाचा घास हातात राहिला. हे माझ्याकडं बघायला लागले. कुहीच्या घरात मला सगळे अक्का म्हणतात, मायला माय म्हणतात. जे कानावर पडलं ते पोरीनं घेतलं, यात तिचं काय चुकलं? पण ती विसरली नव्हती. पाच वर्षांचं पोर आपली आई कोण ते विसरत नाही. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं, आणि मी पुढं काय करते याची वाट पाहायला लागली. पाहता पाहता ती थोडी मागे सरकली.

पळी माझ्या हातात होती. ती मी खाली ठेवली. न्हाणीत गेले. शंभर मोजले. पुन्हा शंभर मोजले. गंगाळातल्या पाण्यावर माझे डोळे गळत होते, ते मी गळू दिले. मग हात पुसले, बाहेर आले.

"देते," मी म्हणाले, आणि वरण वाढलं.

ठोके

आता बेबी वीस वर्षांची आहे. बी.ए. झाली. शांत आहे, बापासारखी. माझ्याशी बोलते, हसते, माझं डोकं दुखलं तर तेल लावून देते. आणि मला अक्का म्हणते. माझी वादळं गेली नाहीत. कमी येतात, आणि आली तर गंगाळापर्यंत जाता येतं. डॉक्टरबाई निवृत्त होऊन गावी गेल्या. जे हवं ते सरळ मागायचं, हे त्यांनी शिकवलं ते मी सगळं शिकले. फक्त एक गोष्ट मी कधी मागितली नाही. तीन वर्षांपूर्वी माय गेली. बेबी "माय, माय" करून रडत होती, आणि माझ्या मनात एकदा येऊन गेलं, की आता तरी म्हणेल. माझी आई समोर निजली होती आणि मी हा विचार केला. हेही लिहून ठेवते.

गेल्या आठवड्यात बेबीच्या लग्नाची भांडी निघाली. भांडी आमच्याच दुकानातली. लेकीला द्यायच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव टाकायचं, हा रिवाज. भाऊराव आता थकला आहे, पण बेबीची भांडी मीच करीन म्हणून हट्टानं बसला. ताटं झाली, त्यावर ह्यांचं नाव. मग त्यानं मोठा हंडा मांडीवर घेतला, छिन्नी उचलली आणि विचारलं, "यावर काय टाकू, वहिनी? कोणाकडून?"

बेबी माझ्या शेजारी भांडी पुसत होती.

मी हातातलं ताट खाली ठेवलं. मी विचारलं स्वतःला, काय आहे हे? भीती होती. गळ्यात होती. मग मी मागितलं, सोळा वर्षांत पहिल्यांदा.

"बेबी, मले वाटते, आईकडून टाकावं. चालते तुले?"

तिचं पुसणं थांबलं. बोट भुवईवर गेलं.

"टाका, भाऊरावकाका," ती म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, हळूच, "पण म्हणणं नाही होणार माह्याच्यानं, अक्का. मी एकटी असते तेव्हा म्हणून पाहिलं. नाही येत तोंडातून."

ती म्हणून पाहत होती, हे मला माहीत नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "राहू दे."

भाऊरावानं हंड्यावर छिन्नी टेकवली. बेबीनं पुढचं ताट पुसायला घेतलं. मी तिच्याजवळ बसून राहिले आणि एकेक ठोका ऐकला.